कान नळाकडे

बोलता बोलता बाई मध्येच उजव्या हाताचं बोट वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांब." समोरचा माणूस काय सांगतोय, कुठवर आलाय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. एकदा गल्लीतली एक शेजारीण मुलीचं ठरलेलं लग्न मोडल्याचं सांगत डोळ्याला पदर लावून बसली होती. तरी बोट वर. मान जराशी कललेली, डोळे मिटलेले, घरात चिडीचूप. थोड्या वेळाने बोट खाली आलं. "न्हाई. नुसती हवाच हाय. हां, काय म्हणायलीस, मोडलं का लग्न?"

लातुरात राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आठ दिवसांनी येतं, दहा दिवसांनी येतं, उन्हाळ्यात तर ते त्याच्या मर्जीचं. येण्याआधी तोटीतून हवा सुटते. ती ज्याला आधी ऐकू येते त्याचे हंडे आधी भरतात, कारण नंतर सगळ्या गल्लीने तोंड लावलं की धार करंगळीएवढी होते. त्यातून पाण्याला जोर नाही, म्हणून नळ जमिनीच्या वर घेऊन चालत नाही. अंगणात खड्डा करून त्यात खाली तोटी बसवलेली असते. बाईंच्या खड्ड्यात तोटीखाली जर्मनचं एक पातेलं पालथं घातलेलं असे. पहिला थेंब त्याच्यावर पडला की टण्‌ वाजायचं, आणि पुढच्या क्षणाला बाई उलथणं घेऊन गल्लीत. एकेकाच्या गेटवर ते आपटत जायच्या. "उठा गं, नळ आले!" दुपारचे चार वाजलेले असोत, कुणी झोपलेलं असो की नसो, आरोळी हीच.

बाई म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. औसा तालुक्यातल्या शाळांमधून जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, घरात त्या एकट्या. वयाने त्यांच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा त्यांना बाईच म्हणायची.

मी मूळची नांदेडची. गोदावरी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात हौसेने अंगण बादल्या ओतून धुतलं. बाई रस्ता ओलांडून आल्या आणि गेटाबाहेर जाणाऱ्या ओघळाकडे बघत उभ्या राहिल्या. "कुठली गं तू?"

"नांदेडची."

"तरीच," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी गोदावरीवाली झाले. वीस-बावीस वर्षं या गावात काढली, पोरं मोठी झाली, पण बाईंच्या लेखी मी अजून पाण्याचं मोल न कळलेली पाहुणीच होते.

मग त्यांना नागीण झाली. बरगडीवर पाठीपासून छातीपर्यंत पट्टाच उठला. गल्लीने गेरू सुचवला, मंत्र सुचवला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि नागीण एकदाची वाळून गेली. तिची आग मात्र राहिली. ती जाईचना. पातळाचा काठ लागला तरी बाई कळवळत. कूस बदलता येत नसे, झोप नावाला नाही. गोळी जास्त घेतली की चक्कर यायची. माझ्या डोळ्यांदेखत त्या बाईचं अंग चिपाडासारखं होत गेलं, आणि आपल्याला काहीच करता येत नाही याचा मला भयंकर राग यायचा.

डॉक्टर शेवटी म्हणाले, "औषधाला मर्यादा आहेत. रोज थोडा वेळ शांत पडून संगीत ऐका. मन दुखण्यावरून निघालं की शरीर सैल पडतं, झोप लागते." मुलाने पुण्याहून एक छोटा स्पीकर पाठवला आणि मला फोन केला. "वहिनी, आईला तेवढं लावून द्याल का? तिला जमणार नाही." मी शिकवते ते कॉलेज सकाळचं असतं, दुपारी मी मोकळी. म्हटलं, यात काय अवघड आहे? गाणं लावायचं, बाईंनी ऐकायचं.

तुम्हीही कधी कुणाला बळजबरीने आराम द्यायला गेला असाल, तर पुढचं तुम्हाला न सांगताच कळेल.

पहिल्या दिवशी मी फोनवर शोधून बासरी लावली. मागे झऱ्याचं पाणी खळखळतंय, अधूनमधून एखादा पक्षी. ऐकून माझाच डोळा लागायला आला. पडदे ओढले, बाईंच्या अंगावर जुन्या पातळाचा मऊ धडपा टाकला आणि दबक्या पावलांनी दारापर्यंत आले, तोच मागून धाडकन आवाज. बाई बरगडी धरून उठल्या होत्या आणि खड्ड्याकडे निघाल्या होत्या. "नळ! अगं बघतीस काय, नळ आले!"

"बाई, ते गाण्यातलं पाणी आहे."

त्या थांबल्या. स्पीकरकडे संशयाने बघितलं. "गाण्यात पाणी कशाला घातलंय?"

"शांत वाटावं म्हणून."

समजूत काढून मी त्यांना परत झोपवलं. थोडा वेळ गेला. मग भिंतीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "कुणी बंद करंना गेलंय. कुणी भरंना बी गेलंय. नुसतं वाहायलंय आपलं. बंद कर गं बाई, माझा जीव जायलाय." ज्या गावाला एका उन्हाळ्यात पाणी आगगाडीने आणावं लागलं होतं, त्या गावातल्या बाईला मी शांत वाटावं म्हणून तासभर वाहतं पाणी ऐकवत होते. मी बंद केलं.

दुसऱ्या दिवशी अभंग लावले. निदान त्यात पाणी नव्हतं. पाच मिनिटांनी डोकावले तर बाई पलंगावर ताठ मांडी घालून बसलेल्या, डोक्यावर पदर. "अहो, आडवं पडायचंय ना?" तर म्हणाल्या, "अभंग काय लोळत ऐकतेत का?" टाळ्या वाजवून वाजवून बरगडी पेटली आणि संध्याकाळी मलाच गरम पाण्याची पिशवी धरून बसावं लागलं. मग जुनी सिनेमाची गाणी. ती त्यांना आवडायची, पाय हलायचे, चेहरा जरा निवळायचा. पण नेमकी पापणी जड झाली की गाणं तोडून एक पुरुष ओरडायचा, आमच्या कंपनीच्या टाक्या घ्या, पाण्याची चिंता सोडा! बाई डोळे उघडून विचारायच्या, "केवढ्याला हाय म्हणं?"

मुलाने पैसे भरून जाहिराती घालवल्या. आता तरी सुरळीत होईल म्हटलं, तर निराळंच सुरू झालं. मी आवाज नीट लावून द्यायची आणि परत येऊन बघते तो आवाज इतका बारीक, की स्पीकरला कान लावावा तेव्हा कळे गाणं चालू आहे.

"आवाज कुणी कमी केला?"

"मीच."

"का?"

"नळ ऐकू येईना की."

मी तेव्हा खरंच चिडले. इतके दिवस मला वाटत होतं, आपण चुकीचं गाणं निवडतोय. गाण्याचा काही संबंधच नव्हता. ही बाई डोळे मिटून पडायची आणि कान खड्ड्यात सोडून द्यायची. सबंध दुपार, सबंध रात्र. असा पहारा देणाऱ्याला कुठलं संगीत झोपवणार? मी म्हटलं, "बाई, तुमच्या एकटीला किती पाणी लागतं? मी देते ना आमच्यातलं. खामखा जीव कशाला आटवता?"

"मला लागतंय का?" त्याही चिडल्या. "अन् गल्लीला कोण उठवणार? तू?"

"हो, मी."

"तू? गोदावरीवाली?" दुखणं विसरून बाई हसल्या. किती महिन्यांनी हसल्या असतील कोण जाणे. "तुला हवा ऐकू येती का?"

तेव्हा असं ठरलं की दुपारी त्यांनी आत गाणं ऐकायचं आणि मी अंगणात खड्ड्यापाशी खुर्ची टाकून पेपर तपासत नळ ऐकायचा. आधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. खड्ड्यावर वाकायला लावून, नुसती हवा कशी वाजते आणि पाण्याच्या आधीची हवा कशी वाजते, ते तोंडाने करून दाखवलं. मला दोन्ही फुस्स सारखेच वाटले. तसं म्हणायची हिंमत झाली नाही.

आणि मग त्यांनी मला बेजार केलं. आत गाणं चालू, बाहेर मी. दर थोड्या वेळाने आतून हाक. "आले का?" नाही बाई. "हवा तरी?" नाही. "पातेलं पालथं हाय का?" आहे. "मांजरानं सरकवलं तर?" अहो मी इथे बसलेय ना! एका पोराच्या उत्तरपत्रिकेवर मी रागाच्या भरात "आले का" असं लिहून ठेवलं आणि मग खोडलं. घरी जाऊन आमच्या ह्यांना म्हणाले, उद्यापासून मी जाणार नाही. ते म्हणाले, "नको जाऊस." आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत त्या खुर्चीवर.

एका दुपारी बराच वेळ हाक आली नाही. मी आत डोकावले. स्पीकर चांगला मोठ्याने वाजत होता आणि बाई झोपल्या होत्या. तोंड उघडं, हात बरगडीवरून निसटून गादीवर पडलेला. इतकी गाढ झोप मी त्यांची पूर्वी कधी पाहिली नव्हती. मला आनंदाने रडूच यायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच बाहेर पातेलं वाजलं. टण्‌.

आता करू काय? ओरडावं तर बाई उठणार. न ओरडावं तर गल्ली आठ दिवस कोरडी, आणि त्याबद्दल बाई मला जन्मात माफ करणार नाहीत. मी धावत जाऊन पातेलं काढलं, घागरीत फडकं सोडलं म्हणजे धार वाजू नये, आणि अनवाणी घरोघर गेले. कडी न वाजवता, खिडकीतून कुजबुजत. "नळ आले. हळू भरा. बाई झोपल्यात." तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आमच्या गल्लीने, जिथे नळावरून कचाकचा भांडणं होतात, त्या दिवशी मुक्याने पाणी भरलं. बायका हंड्यात फडकी घालून उभ्या. एकीने रडणाऱ्या नातवाला कडेवर घेऊन पार मेनरोडला नेलं.

आणि मग कोपऱ्यावरच्या दादांनी मोटार लावली. हे गृहस्थ नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढायचे. असं करायचं नसतं हे सगळ्या गावाला माहीत आहे, आणि तरी दर गल्लीत असा एक असतोच. ती मोटार म्हणजे पिठाची गिरणी. मी धावत गेले, हात जोडले. "दादा, बंद करा हो, बाईंना आज झोप लागलीय!" त्यांना माझं बोलणंच ऐकू येईना. शेवटी त्यांनी बटण दाबलं, पण तोवर बाई दारात उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्याने बरगडी. "आले का? अगं मला उठवायचं न्हाई का?" वेदना परत त्यांच्या चेहऱ्यावर येऊन बसली होती. मी दादांना त्या दिवशी भर रस्त्यात जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थोड्याच दिवसांत मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथे मोठे डॉक्टर, वेदनेचा वेगळा दवाखाना. निघताना बाईंनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "माझी पितळी घागर तेवढी दर खेपेला भरत जा. घर रिकामं असू दे, घागर रिकामी नको. अन् नळ आले की मला फोन कर." मी म्हटलं, तिथे तुम्हाला काय करायचंय लातूरच्या नळाचं? उत्तर द्यायच्या आत गाडी निघाली.

पुण्याला त्यांच्याकडे चोवीस तास पाणी. मुलाने खोलीत मोठे स्पीकर बसवले, दवाखान्यातून कसलं कसलं खास संगीत आणलं. बाई फोनवर म्हणायच्या, "हितं पाणी येतंय कधी अन् जातंय कधी, काईच कळंना. कशाची वाट बघावं गं माणसानं?" झोप तिथेही नव्हतीच.

पुढच्या खेपेला नळ आले तेव्हा गल्लीला उठवून मी त्यांना फोन लावला. "आले बाई."

"धार कशी हाय?"

"बरी आहे." तेवढ्यात घागर भरत आली म्हणून मी फोन खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि कामाला लागले. भरायच्या नादात विसरूनच गेले. घागर झाली, हंडा झाला, दोन कळशा झाल्या. धार गेली तेव्हा बघते तर फोन चालूच. "बाई?" पलीकडे कुणी बोलेना. नुसता एकसारखा श्वास ऐकू येत होता.

संध्याकाळी मुलाचा फोन. "वहिनी, आज तुम्ही आईला काय ऐकवलंत? ती अजून झोपलीय."

मी म्हटलं, "काही नाही, घागरी भरल्या."

त्यानंतर ते नेमाचंच झालं. नळ आले की बाईंना फोन, आणि फोन खड्ड्याच्या काठावर. रिकाम्या घागरीत धार पडते तेव्हा आवाज भरदार असतो, पाणी चढतं तसा तो बारीक होत जातो आणि गळ्याशी आलं की टिपेला पोचतो. मग दुसरं भांडं, परत खालून सुरुवात. मीही कधी नीट ऐकलं नव्हतं. कुणीतरी भरतंय, वाया जात नाहीये, गल्ली जागी आहे, एवढं कानावर आलं की बाईंचा पहारा संपत असावा. पहिले चार-दोन शब्द त्या बोलत, हंड्याला गळती आहे का म्हणून विचारत, आणि मग गप्प. कोपऱ्यावरचे दादासुद्धा विचारायला लागले, "वहिनी, फोन लावलाव का? मग मी थांबतो." मी काठावरून फोन उचलेपर्यंत मोटार लागत नसे. मनातून त्यांना माफ करायची माझी तयारी नव्हती, पण केलं.

पण आठ-दहा दिवसांतून एक झोप, एवढ्यावर माणूस कसा जगेल? मुलगा म्हणाला, "आवाज रेकॉर्ड करून पाठवा ना. मी रोज लावतो." मला हे आधी सुचलं नाही याचाच राग आला. पुढच्या खेपेला सगळं भरणं रेकॉर्ड करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "हे काय लावून दिलंस गं? हे तर कालचं पाणी. शिळं हाय."

"बाई, आवाज तोच आहे!"

"असंल. पण भरून झालंय की ते."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

उन्हाळा आला. दहा दिवसांचे पंधरा झाले, मग पंधराही उलटून गेले. नळ येईनात. तिकडे बाईंना न्यूमोनिया होऊन दवाखान्यात ठेवलं, आणि खोकल्याच्या प्रत्येक उबळीबरोबर ती बरगडी पेटायची. मुलगा फोन करायचा, आवाज रडवेला. "वहिनी, नळ आले का?" आता तोही तेच विचारायला लागला होता. मी रोज खड्ड्यापाशी जाऊन बसायची. पालिकेला शिव्या घातल्या, धरणाला घातल्या, देवालाही सोडलं नाही. एका दुपारी मुलगा म्हणाला, आई फारच तळमळतेय. मी ठरवलं. ड्रममध्ये थोडं पाणी उरलं होतं. ड्रमला नळी लावली, दुसरं टोक पितळी घागरीवर धरलं आणि फोन काठावर ठेवला.

"आले बाई! ऐका."

धार पडत होती. आवाज तसाच भरदार, हळूहळू चढत जाणारा. मला वाटलं, जमलं. मग पलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी क्षीण.

"ड्रममधलं ओतायलीस काय गं?"

मी नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं.

"हवा न्हाई वाजली आधी," त्या म्हणाल्या. "राहू दे. तुमच्या प्यायचं हाय ते. संपवू नकोस, गोदावरीवाली."

ते शेवटचं. नळ आले तेव्हा बाईंना जाऊन दोन-तीन दिवस झाले होते.

मी त्यांच्या अंगणातच होते. आधी हवा वाजली, आणि त्या खेपेला ती मला कळली. पाण्याच्या आधीची हवा वेगळीच असते. मग पातेल्यावर टण्‌. मला इतका संताप आला की मी पातेलं उचलून भिंतीवर फेकलं. आता येतोस होय रे? मग उलथणं घेऊन गल्लीत गेले, कारण जायला हवं होतं. "उठा गं, नळ आले!" आवाज पोचला. बायका हंडे घेऊन बाहेर आल्या.

परत येऊन मी घागर तोटीखाली लावली. सवयीने फोन काठावर ठेवला गेला होता. कोपऱ्यावरून दादांची हाक आली, "वहिनी, लावा फोन, मी थांबतो!" आणि लगेच त्यांच्याच लक्षात आलं. ते तसेच दारात उभे राहिले, हात बटणाजवळ.

मी म्हटलं, "लावा दादा, मोटार लावा आता."

त्यांनी ती लावली. त्या घरघरीत मला घागरीचा आवाज ऐकूच आला नाही. ती केव्हा भरली ते कळलं नाही, आणि पाणी काठावरून वाहत राहिलं.